गॅलरीचं नंतर बघू, आधी तारखा द्या

प्रति,
सोलापूर शहरातल्या मैदानांचे नकाशे, निविदा आणि बुकिंगची वही ज्यांच्या टेबलावर असते त्या सर्वांस,
तसंच शहरातल्या तमाम फुटबॉल मंडळांस

विषय : फुटबॉलचं लहान स्टेडियम आणि ते वापरणारी मंडळं

स. न. वि. वि.

फुटबॉलसाठी शहरात वेगळं स्टेडियम व्हावं ही मागणी जुनी आहे. अधूनमधून ती वर येते, निवेदन दिलं जातं, निवेदन देतानाचा फोटो निघतो आणि पुढच्या मोसमापर्यंत सगळं निवांत होतं. या पत्रात तीच मागणी पुन्हा करायची नाही. ती मान्य झाली तर काय होईल, याची मला जास्त धास्ती वाटते.

कारण स्टेडियम म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी गॅलरी काढली जाते. गॅलरीखाली गाळे, गाळ्यांचं भाडं, त्या भाड्यातून मैदानाची देखभाल. कागदावर हा हिशोब कुठेच चुकत नाही. प्रत्यक्षात गाळे चालू होतात, कमानीवर नाव लागतं, उद्घाटनाचा सामना होतो आणि मग गेटला कुलूप बसतं. किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात मोसम जातो. म्हणून आमच्या मंडळाचं म्हणणं सरळ आहे. वर्षातले किती दिवस हे मैदान फुटबॉलला मिळणार ते आधी लिहून द्या. तो आकडा ठरला की बाकीचं सगळं त्यावरून ठरेल, गॅलरीसुद्धा.

क्रिकेटबद्दल तक्रार नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. पार्क स्टेडियमचं रूप पालटलं आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथे महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा आमच्यातली निम्मी पोरं सराव बुडवून तिकडेच होती. पॉली उम्रीगर यांचं जन्मगाव हे, अर्शीन कुलकर्णी या गावचा. क्रिकेटला चांगलं मैदान मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण एकदा टर्फ विकेट तयार झाली की त्या आऊटफिल्डवर स्टड घालून बावीस जण पळवायचे नसतात, हे आम्हालाही कळतं. म्हणजे फुटबॉलची सोय दुसरीकडेच करावी लागणार. होम मैदान गड्ड्याच्या यात्रेचं आहे आणि ते गड्ड्याचंच राहू दे. सिद्धेश्वराची यात्रा हलवून तिथे गोलपोस्ट रोवा असं म्हणणारा माणूस सोलापुरात जन्मायचा आहे.

मग उरतात ती सगळ्यांची मैदानं. सकाळी चालणारे, त्यानंतर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, दुपारी शाळा, संध्याकाळी क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत घुसलेले, आणि कडेला आम्ही. अशा मैदानाच्या बरोबर मध्यावर क्रिकेटचं पिच असतं. २०.१२ मीटर लांब, साधारण तीन मीटर रुंद, रोलर फिरवून दगड केलेली काळी माती. फुटबॉलचं मधलं वर्तुळ आखायची जागा नेमकी तीच. त्यावर टप्पा पडला की बॉल डोक्याच्या वर उडतो, दोन पावलं बाजूला पडला तर मुरमात मरतो. पावसाच्या दिवसांत तर ती पट्टी साबणच. शिवाय पिचभोवती दोरी बांधून ‘पाय ठेवू नका’ असं सांगणारी मंडळी असतात, आणि त्यांचंही बरोबर असतं, कारण पिच त्यांनी स्वतःच्या खर्चाने केलेलं असतं. परिणाम असा की आम्ही गोल आडवे लावून अर्ध्या मैदानात खेळतो. चौदा वर्षांचा मुलगा तीन वर्षं आडव्या मैदानात शिकतो आणि मग पुणे विभागाच्या शालेय स्पर्धेत पूर्ण मैदानावर उभा राहतो. विंगवरून मारलेला क्रॉस गोलपर्यंत पोचत नाही, बॅकला आपण किती मागे आलो याचा अंदाज येत नाही, विसाव्या मिनिटाला दम लागतो. पुण्याची मुलं आपल्यापेक्षा फार हुशार असतात असं काही नाही. त्यांनी ते अंतर आधी पळून पाहिलेलं असतं.

मैदान भाड्याने देण्याची गोष्ट थोडी सविस्तर लिहितो, कारण टेबलापलीकडून ती दिसत नाही. प्रदर्शन, मेळावा, सेल, कोणाचा तरी भव्य सोहळा. मंडपवाला ट्रक घेऊन येतो, हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या घणाने ठोकतो, आठ-दहा दिवसांनी खुंट्या उपटून नेतो आणि भोकं ठेवून जातो. भोकं दिसतात तरी, त्यात मुरूम भरता येतो. दिसत नाहीत ते खिळे. पडदे आणि फ्लेक्सच्या चौकटी ठोकायचे दोन-अडीच इंची खिळे मातीत आडवे पडलेले असतात. शहरातल्या एका मैदानावर आमच्या गोलकीपरच्या गुडघ्याखाली असा एक खिळा गेला. पेनल्टी अडवली त्याने, पण उठला तेव्हा स्टॉकिंग लाल. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि टाके, एवढ्यावर भागलं. तेव्हापासून जुन्या लाऊडस्पीकरची दोन लोहचुंबकं दोरीला बांधून आम्ही सामन्याआधी दोन्ही डीमधून, म्हणजे गोलसमोरच्या चौकटींतून, ओढतो. प्रत्येक वेळी काहीतरी निघतंच: खिळे, स्टेपल, बाटलीची बुचं, एकदा तर सायकलची अख्खी चेन. नवीन आलेल्या मुलांना हे काम आवडतं. खेळाच्या मैदानावर हा सरावाचा भाग असू नये, एवढंच.

या भाड्यातून किती उत्पन्न मिळतं ते तुमच्या वहीत असेल. त्या रकमेसमोर मैदान पुन्हा सारखं करायचा खर्च कोणी लिहितो का, हे एकदा बघा. अनामत रक्कम घेतली जाते, पण ती परत करण्याआधी मैदानात फिरून पाहणारा माणूस आम्हाला तरी कधी भेटलेला नाही.

आता जागेचं. फुटबॉलला अफाट जमीन लागते, हा एक गैरसमज आहे. मोठ्या सामन्यांचं माप १०५ बाय ६८ मीटर. चारी बाजूंनी तीन-तीन मीटर मोकळे सोडले तर १११ बाय ७४, म्हणजे ८,२१४ चौरस मीटर. हिशोब केला तर ८१ गुंठे होतात, दोन एकरांवर गुंठाभर. नियमांत तर लांबी ९० मीटरपर्यंत आणि रुंदी ४५ मीटरपर्यंत कमी चालते, त्यामुळे स्थानिक सामन्यांना १०० बाय ६० सुद्धा पुष्कळ झालं. गोल उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवले तर संध्याकाळी पाच वाजता एका गोलकीपरच्या डोळ्यांत सूर्य घुसतो आणि सोलापूरचा सूर्य कसा असतो ते मी सांगायला नको. बसायला पश्चिमेच्या बाजूला तीन पायऱ्या आणि वर पत्रा, बस्स. ऊन पाठीवर येतं, सामना समोर दिसतो. चारी बाजूंची गॅलरी नंतर बांधता येईल. आधी ती भरण्याइतके सामने तर होऊ द्या.

जमिनीचं मात्र घाईत उरकू नका. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती बुटाला धरून बसते. नुसता मुरूम पसरून दिला तर दिसायला सपाट दिसतं, पण मुरमावर कोणी स्लाईड करत नाही आणि गोलकीपर झेप घ्यायला शिकत नाही. आमचे बरेच गोलकीपर पायांनी बॉल अडवण्यात तरबेज आहेत, त्याचं गुपित हे आहे. मधून कडांकडे थोडा उतार, खाली निचऱ्याची नळी, वर वाळू मिसळलेली माती आणि गवत, असं काम हवं. गवतासाठी रोलमधलं महागडं बर्म्युडा आणायचं ठरलं तर आणा, पण ती आपल्या बांधावरची हरळीच आहे. शेतकरी तिला कंटाळलेला असतो, कारण ती मरत नाही. मैदानाला आणखी काय हवं?

पाण्याचा प्रश्न कोणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. ऐन उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं तर १०५ बाय ६८ च्या मैदानाला रोज ३५ हजार लिटरच्या वर लागतं. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा वार बघून घरातली कामं ठरतात, तिथे उजनीचं पिण्याचं पाणी गवतावर ओतायला मी स्वतः विरोध करीन. देगावला सांडपाणी शुद्ध होतं. ते पाणी नीट तपासून, निर्जंतुक करून मैदानाला द्या. एप्रिल-मे मध्ये तर हिरवंगार दिसायचा हट्टही नको. हरळी पिवळी पडून तग धरते आणि मृगाच्या सरीला परत फुटते. तेवढे दोन महिने मैदानाला सुट्टी द्यावी, आणि तीच त्याची डागडुजीची वेळ. नाहीतरी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत आम्ही सकाळी आठच्या पुढे टिकत नाही. प्लॅस्टिकचं गवत टाकून मोकळं व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात दुपारी कुठल्याही टर्फवर अनवाणी उभं राहून पाहावं.

खासगी टर्फ आता बरेच झालेत, मग तुम्हाला मैदान कशाला, असंही विचारतात. टर्फवर तासाचे पैसे डोक्यावर वाटून पाच-सहा जण खेळतात, मजा येते, मीही जातो. पण तिथे ऑफसाईड नसतो, कॉर्नर नसल्यातच जमा आणि बॉल जाळीला लागून परत येतो. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने जाळीबाहेर उभं राहायचं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे आईबाप यंत्रमागावर आहेत, विडी वळणाऱ्या आहेत, रिक्षावाले आहेत. सरावाला लागणारे कोन आम्ही विकत आणत नाही, कारखान्यातले सुताचे रिकामे कोन एक पालक पिशवी भरून देतात. त्या निळ्या-गुलाबी कोनांमधून बॉल काढत पोरं ड्रिब्लिंग शिकतात. वर्तुळ आखायची दोरीही त्याच सुताची, ९.१५ मीटरवर गाठ मारलेली. पास मागताना कोणी ‘कोडु’ ओरडतो, कोणी ‘इय्यि’, कोणी ‘इधर दे बे’. बॉल बरोबर जातो. या मुलांना तासाचा दर परवडत नाही आणि तो त्यांनी का भरावा हेही मला कळत नाही.

मुलींबद्दल एकच गोष्ट. तुमच्या नकाशात कपडे बदलायची खोली आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवा. ‘टॉयलेट ब्लॉक’ असं लिहिलेलं नको, पाण्याची टाकी आणि आतली कडी असलेलं हवं. आमच्याकडे मुली बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांच्या बरोबरीने येतात आणि मग एकेक करून थांबतात. घरचे कारण सांगतात अभ्यासाचं. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो आणि मैदानावर एक दिवा नसतो, हे कारण कोणी सांगत नाही. सामन्यांसाठीचा झगझगाट नसला तरी चालेल. सराव संपवून गेटपर्यंत जाता येईल एवढा उजेड पुरतो.

योजना अधूनमधून येतात, त्यांचं स्वागतच आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा राज्यभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याची मोहीम निघाली. २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला आणि तेरा वर्षांखालच्या निवडक मुलामुलींसाठी राज्याने प्रकल्प आणला. पण निवडायला जे मूल उभं राहायचं, त्याने आधी दोन-तीन वर्षं कुठेतरी खेळलेलं असावं लागतं. त्या ‘कुठेतरी’चा पत्ता मी मागतोय.

आता आपल्याच मंडळांशी थोडं बोलायचं आहे. अधिकाऱ्यांनी हा भाग वाचला तरी हरकत नाही.

मित्रांनो, उद्या मैदान मिळालं तर आपण त्यावर काय करणार? आपल्याला येते ती एकच गोष्ट, नॉकआऊट टुर्नामेंट. कोणाच्या तरी नावाचा चषक, कंबरेएवढी ट्रॉफी, पाहुण्यांसाठी मांडव आणि दोन तासांचे सत्कार. आठ संघ उतरले तर सामने होतात सात, आणि चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. वर्षभर सराव, एन्ट्री फी, नवीन जर्सी, आणि साठ मिनिटांत विषय संपला. तेच आठ संघ साखळीत एकमेकांशी एकदा खेळले तर २८ सामने होतात आणि प्रत्येकाला सात मिळतात. शनिवार-रविवारी मिळून चार सामने धरले तर सात आठवड्यांत लीग पूर्ण. जेवढ्यात आपण एका चषकाच्या पाहुण्यांच्या तारखा जुळवतो, तेवढाच वेळ.

कोल्हापूरचं नाव घेतलं की आपल्याला राग येतो, तरी घेतो. तिथे शाहू स्टेडियमवर आधी केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग होते, मग वेगवेगळ्या स्पर्धा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल ही पेठांची आणि तालमींची नावं, आणि सामना असला की अख्खी पेठ स्टेडियमवर. अनिकेत जाधव २०१७ चा तो विश्वचषक खेळला, तो याच कोल्हापूरचा. पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला हे खरं, पण फुटबॉल बघत मोठा होण्यासारखं वातावरण त्याला गावातच होतं. त्यांची हुल्लडबाजी आणि बाटल्याफेक मात्र तिकडेच राहू दे, ती आयात करायची गरज नाही. तालमी आपल्याकडे काय कमी आहेत? पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम. शिवजयंतीला आणि गणपतीला यांची ताकद बघा. लेझीमच्या सरावाला महिनाभर शंभर-शंभर पोरं रात्री न चुकता येतात, ताल चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. ही शिस्त असलेल्या गावात पंधरा जणांचा फुटबॉल संघ वर्षभर टिकत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणखी एक. मैदान मिळालं तर गोलपोस्टमागे माव्याच्या पुड्या दिसता कामा नयेत. रेफ्रीच्या अंगावर जाणाऱ्या खेळाडूला त्याच्याच मंडळाने घरी बसवायचं, ‘आपला पोरगा आहे’ म्हणून पांघरूण घालायचं नाही. आणि दोन संघटना, तीन गट, याने बोलावलं तर तो येणार नाही, हे बंद. निवेदन द्यायला आपण तीन वेगवेगळ्या दिवशी गेलो तर समोरचा माणूस तिन्ही कागद एकाच फाईलमध्ये लावतो आणि फाईल बंद करतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

परत टेबलापलीकडच्या मंडळींकडे येतो. आमची मागणी अशी. वर्षातले किमान दोनशे दिवस मैदान फक्त फुटबॉलला, हे ठरावात लिहावं. जून ते मार्चचं वेळापत्रक मे महिन्यातच गेटवर लावावं, म्हणजे कोणत्या मंडळाला कोणता वार आणि कोणता तास ते कोणालाही उभ्याउभ्या वाचता येईल. सामन्यांसाठी गवत आणि रोजच्या सरावासाठी शेजारी मुरमाची पट्टी ठेवावी, कारण आठवड्याला तीन-चार सामन्यांपलीकडे गवत टिकत नाही आणि ते संपवल्याचं खापर नंतर आमच्याच डोक्यावर फुटणार. खेळाच्या रेषेच्या आत एकही खुंटी ठोकायची नाही, कार्यक्रम कोणाचाही असो. चौदा वर्षांखालच्या मुलामुलींना फी नको. मोठ्या संघांकडून सामन्यामागे फी घ्या, आम्ही भरू, पावती मात्र द्या. देखभालीची समिती करा आणि त्यात मंडळांचे दोन प्रतिनिधी घ्या, दरवर्षी बदलणारे. कायमचे घेतलेत तर दोन वर्षांत मैदान त्यांचंच होतं, हा अनुभव आहे.

बदल्यात फक्की मारणं, जाळ्या लावणं, सामन्याच्या दिवशी बर्फ आणि पट्टीची पेटी, सामना संपल्यावर कचरा उचलणं, ही कामं मंडळं करतील. पाळ्या लावून देतो. जी मंडळं याला तयार आहेत त्यांच्या सह्यांचा एकच कागद करायचा आहे. आमची सही झाली आहे, बाकीच्यांनी सरावाच्या वेळी येऊन करावी.

हा कागद घेऊन तुम्हाला भेटायचं आहे. वेळ कळवा, कोणताही कामाचा दिवस चालेल, सकाळी नऊनंतर. नकाशा आधीच तयार असेल तर तो टेबलावर काढून ठेवा, आम्ही मोजपट्टी घेऊन येतो.

कळावे,

एका फुटबॉल मंडळाचा सेक्रेटरी
रेल्वे लाईन्स, सोलापूर